हरकत राखून

चैत्र लागला की मी पुंजाजीच्या वावरात पऱ्हाट्या उपटायला जातो. माझे वय त्र्याहत्तर आहे. वावर माझे नाही, कापूस माझा नव्हता, मजुरी मी घेत नाही. पुंजाजीचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तो हात मी मोडला.

वेचणी संपली की कपाशीचे झाड, म्हणजे पऱ्हाटी, वाळून काळे पडते. रिकाम्या बोंडांच्या पाकळ्या नखांसारख्या टणक होतात आणि वारा सुटला की सगळे वावर खडखडते. हे झाड नुसत्या हाताने निघत नाही. त्यासाठी चिमटा लागतो. लांब लाकडी दांडा, टोकाला लोखंडी जबडा. जबड्यात बुंधा धरायचा आणि दांड्यावर सगळे अंग टाकायचे. मूळ सुटताना कटकन आवाज होतो. माणसाचे हाड मोडताना होणारा आवाज याच्या फार जवळचा आहे.

यंदा निम्मे वावर उपटून झाले होते, तेव्हा सुमेधचा फोन आला. सुमेध माझा एकुलता मुलगा. शेगावात लॉजच्या चादरी-उश्या धुण्याचे काम तो चालवतो. त्याआधी तो एका परदेशी प्रवासी जहाजाच्या धुलाईखान्यात होता. महामारीच्या उन्हाळ्यात ते जहाज कोणत्याही बंदराने आत घेतले नाही, आणि त्याच जहाजावर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. कंपनीविरुद्धचा त्याचा दावा तेव्हापासून चालू आहे. आता कंपनीच्या वकिलांनी पाकीट पाठवले होते. तडजोड करा, सही करा, विषय संपवा. मात्र जहाजावर जे पाहिले त्याबद्दल पुढे कधीही, कोठेही, कोणासमोरही बोलायचे नाही.

"रविवारी येतो, बाबा," तो म्हणाला. "तुमच्यापाशी बसूनच काय ते करतो."

चार दिवस मध्ये होते. त्या चार दिवसांत मी पऱ्हाट्या उपटल्या आणि आठवत राहिलो. आठवणे मला आवडत नाही.

मी तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात एकतीस वर्षे बेलिफ होतो. समन्स बजावणे, जप्ती करणे, जमिनीचा ताबा देणे, ही माझी कामे. आमच्याकडे ताब्याचा एक हंगाम असतो. वावरात पीक उभे असेल तर ताबा देताना तंटा वाढतो, म्हणून वॉरंट निघायची ती पीक निघाल्यावर आणि न्यायालयाची उन्हाळी सुटी लागण्याआधी. चैत्र आणि वैशाख. कडुनिंबाला मोहर आलेला असायचा, त्याचा कडवट गोड वास सगळीकडे भरून असायचा, आणि त्या वासात मी लोकांना त्यांच्या जमिनीवरून काढायचो. डफडे वाजवून जाहीर करायचे, पंचांसमोर हद्द दाखवायची, कुलूप असेल तर हातोड्याने फोडायचे. बाया धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, आडव्या पडत. एकाने विळा फेकला, माझ्या डाव्या कानाची पाळी तेव्हाची फाटकी आहे. एका म्हाताऱ्याने माझे मनगट चावले आणि दात रुतवून तसाच राहिला. दोन पोलिसांनी त्याचा जबडा उघडला. मी पंचनाम्यात लिहिले, किरकोळ विरोध झाला.

निंबाचा मोहर मला आजही चालत नाही.

ह्याच कामात मी ते दोन शब्द शिकलो. धरणासाठी जमिनी घेतल्या तेव्हा मोबदला घ्यायला माणसे रांगेत उभी होती. बहुतेकांनी दाखवली तेथे सही केली. काहींना कोणीतरी शहाण्याने सांगून ठेवले होते. त्यांनी सहीखाली लिहिले, हरकत राखून. मिळते ते घेतो, पण हे मला मान्य नाही, आणि पुढे भांडण्याचा माझा हक्क मी सोडलेला नाही, एवढा अर्थ त्या दोन शब्दांत मावतो. पुढे ज्यांनी लिहिले त्यांची भांडणे न्यायालयाने ऐकली. ज्यांनी लिहिले नाही त्यांना दारातून परत पाठवले. परत पाठवलेल्यांचे चेहरे मी पाहिले होते. आयुष्यात मी फारशा गोष्टींवर विश्वास ठेवलेला नाही. ह्या दोन शब्दांवर ठेवला.

वरवट बकालच्या पुढे आमचे गाव. हा खारपाण पट्टा आहे. विहिरीचे पाणी खारट, उन्हाळ्यात वावरावर मिठाची पांढरी साय धरते, भांडी कधी स्वच्छ दिसत नाहीत. सुमेधने जहाजावरून पहिला फोन केला तेव्हा तो हसत होता. "बाबा, एवढ्या लांब आलो अन् पाणी तं आपल्या हिरीचंच निघालं." तो पाण्याच्या पातळीखाली काम करायचा. वर दोन हजारांहून अधिक माणसे खात, नाचत, पोहत. खाली हा त्यांच्या चादरी धूत होता.

महामारी त्या जहाजावर सर्वांत आधी धुलाईखान्याला कळली. आजारी माणसाची चादर वेगळ्या लाल पिशवीत बांधून खाली येते. ती पिशवी उघडायची नसते. तशीच यंत्रात टाकायची, ती गरम पाण्यात विरघळते. एरवी महिन्यात एखादी लाल पिशवी यायची. त्या फाल्गुनात त्या रोज येऊ लागल्या. सुमेधने मुकादमाला विचारले. मुकादम म्हणाला, काम कर. वर संगीत चालू होते. छतातून त्याचे ठोके खाली येत होते, असे सुमेध सांगतो.

मग बंदरे बंद झाली. एका देशाने नाकारले, दुसऱ्याने नाकारले. एका किनाऱ्यावरच्या लोकांनी निदर्शने केली, इथे उतरवू नका म्हणून. प्रवासी अखेर उतरले आणि घरी जाऊन त्यांनी कंपनीवर दावे लावले. ते वर्तमानपत्रात आले. कामगार जहाजावरच राहिले. त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही. एकेका खोलीत एकेक माणूस. दाराशी जेवण ठेवायचे, दार वाजवायचे, निघून जायचे. सुमेधच्या शेजारच्या खोलीतला माणूस दिवसभर भिंतीवर डोके आपटायचा. आधी ह्याने ओरडून त्याला थांबवायचा प्रयत्न केला. पुढे सवय झाली. पुढे आवाज बंद झाला, आणि सुमेध म्हणतो, त्या दिवशी मात्र तो रडला. शेजाऱ्याचे काय झाले ते त्याला कोणी सांगितले नाही.

वैशाखात कागद आला. गावाला मोबाइलचे जाळे बरे नाही. मी पाण्याच्या टाकीखालच्या ओट्यावर उभा होतो, कारण तेथे आवाज येतो. ऊन एवढे की ओट्याचे सिमेंट चपलेतून भाजत होते.

"बाबा, विमान लागून राह्यलं आपल्या देशासाठी," सुमेध म्हणाला. "पण आधी कागदावर सही मांगते कंपनी. आजार झाला, मार लागला, मेलो, कशाचीच जबाबदारी कंपनीवर नाई. सही केली त्याचंच नाव यादीत."

"सही कर," मी म्हणालो. "पण सहीखाली लिव्हजो, हरकत राखून."

"इंग्रजीत लिवू?"

"मराठीत लिव्ह. तुह्या अक्षरात पायजे. उद्या कोर्टात अक्षर ओळखता आलं पायजे."

"अन् त्यायनं इचारलं तं?"

"इचारलं तं खरं सांगजो. लपवाचं काऊन?"

त्याने माझे ऐकले. तो नेहमीच ऐकायचा. अधिकाऱ्याने सही पाहिली, खालची अनोळखी अक्षरे पाहिली आणि हे काय म्हणून विचारले. सुमेधने खरे सांगितले. अधिकाऱ्याने कागद फाडला आणि यादीतल्या त्याच्या नावावर रेघ ओढली. दुसरा कागद दिला नाही. विमान गेले.

अठ्ठावीस दिवसांनी दुसरी यादी निघाली. ह्या वेळी सहीचा कागद नव्हता. बहुधा तोवर कंपनीवर बाहेरून टीका झाली होती. पण जागा कमी आणि माणसे जास्त होती. किनाऱ्यावर नेणारी होडी जहाजाला लागली आणि अडीच महिने कोंडलेली माणसे तिच्यावर तुटून पडली. सहा देशांची माणसे, एक अरुंद जिना आणि शेवटी लोखंडी दार. सुरक्षारक्षकांनी दांडके चालवले. कोणीतरी एका रक्षकाच्या तोंडावर बूट मारला. त्याचे दात जिन्यावर सांडले आणि मागचे त्यांवरून घसरले. सुमेध दारापर्यंत पोहोचला होता. त्याने चौकट धरली. आतून कोणीतरी दार ओढले. ते दार समुद्राचे पाणी अडवण्यासाठी केलेले असते, दोन बोटांनी त्याला काही फरक पडत नाही. ते पूर्ण बंद झाले.

त्याच्या नावावर रेघ मारली गेली नसती तर तो त्या दिवशी माझ्यासमोर बसून जेवत असता. हे त्याने मला कधी म्हटले नाही. म्हणायची गरज नाही.

ज्येष्ठ संपत आला तेव्हा तो आला. मुंबईच्या हॉटेलात चौदा दिवस कोंडून घेऊन, आजार नसल्याचा दाखला खिशात घेऊन, भर दुपारी. पाऊस लांबला होता. गाडीवाल्याने त्याला फाट्यावर सोडले. मी आणायला गेलो. त्याची आई आधीच वारली होती, म्हणून मी एकटाच. परत येताना वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या होत्या, मागे एक आडवी बैलगाडी, आणि गाडीमागे तीसेक माणसे. सगळी ओळखीची. अर्ध्यांना मी समन्स दिले होते.

"बेलिफसाहेब, पोराले वापस न्या."

"दाखला हाये त्याचा," मी म्हणालो.

"दाखला पाहून रोग थांबते का? अन् हाताले काय बांधलं ते? सडला का हात?"

"जहाजावरचा रोग हाये तो, हाताले होते," एक जण म्हणाला, आणि काही जण हसले.

माझ्या आजोबांना ह्याच वेशीवर थांबवत. त्याचे कारण वेगळे होते. मी ह्या वेशीतून एकतीस वर्षे न्यायालयाचा शिक्का घेऊन गेलो आणि मला वाटले होते की ते प्रकरण निकाली निघाले. फांद्या मात्र तशाच टाकता येतात, त्याला फार वेळ लागत नाही.

पहिला दगड माझ्या कपाळावर लागला. रक्त डोळ्यात उतरले. दुसरा सुमेधच्या बांधलेल्या हाताला लागला आणि तो खाली बसला. आवाज त्याने केला नाही. मला एका डोळ्याने दिसत होते. पुंजाजी फांद्यांपाशी उभा होता. पुंजाजी आणि मी एका वर्गात होतो, त्याच्या वावराचा धुरा माझ्या वावराला लागतो. त्या वर्षी मजूर मिळत नव्हते, म्हणून त्याच्या पऱ्हाट्या ज्येष्ठातही उभ्या होत्या आणि तो सरळ वावरातून आला होता. हातात चिमटा. त्याने तो वर उचललेला मी पाहिला. मी काट्यांवरून गेलो. चिमटा त्याच्या हातातून हिसकला आणि त्याच्या खांद्यावर घातला. पूर्ण ताकदीने, दांड्यावर अंग टाकून. तो आवाज झाला. तो पडला. मी दुसऱ्यांदा उचलला.

"बाबा!" सुमेध ओरडला. "तो फांदी ओढून राह्यला होता! रस्ता करून राह्यला होता तो!"

मी पाहिले. बाभळीची एक मोठी फांदी बाजूला ओढलेली होती. बुंध्याला लोखंडी जबड्याची ताजी खूण होती.

माणसे मागे सरली. बैलगाडी कोणीतरी वळवली. माझ्या हातात चिमटा होता आणि वाट मोकळी झाली होती. मी एकतीस वर्षे कायद्याने दारे उघडली, त्यांपैकी एकही इतक्या लवकर उघडले नव्हते. सुमेधने डाव्या हाताने आणि दातांनी गळ्यातला रुमाल सोडला आणि पुंजाजीचा हात त्याच्या छातीशी बांधला.

पुंजाजीने डॉक्टरला सांगितले, गाडीवरून पडलो. पोलीस पाटलाला सांगितले, गाडीवरून पडलो. लेखी दिले, खाली सही केली. आठ दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर होता, घाम आणि प्लास्टरचा वास येत होता.

"काऊन खोटं सांगतलं बे?"

"मंग काय करू? कोर्टात नेऊ तुले?" तो म्हणाला. "गावात समन्स आननारा तू, अन् आता घेनाराबी तूच. मी कोनाच्या तोंडाकडे पाहू?"

त्याची बायको दाराआड हसली. मी हसलो नाही.

"दगड कोणी मारला?"

"तुले नाव पायजे? अजून एक खांदा मोडाचा हाये का?"

नाव त्याने आजवर सांगितलेले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या पऱ्हाट्या उपटायला लागलो.

त्या पावसाळ्यात मी सुमेधचा दावा उभा करायला घेतला. मला समन्स बजावण्याचे सर्व प्रकार येतात. माणूस घरी नसेल तर घरातल्या प्रौढ माणसाला द्यावे. घ्यायला नकार दिला तर नकाराची नोंद करावी, बजावणी झाली असे धरतात. दाराला कुलूप असेल तर पंचांसमोर दारावर चिकटवावे. प्रत्येक माणसाला कुठेतरी दार असते, ह्या समजुतीवर सगळे उभे आहे. जहाजावर झेंडा एका बेटाचा होता. कंपनीचे कार्यालय दुसऱ्या देशात. मालक म्हणून कागदोपत्री जी होती ती तिसऱ्याच देशातली एक टपालपेटी. सुमेधला नोकरी दिली ती मुंबईच्या दलालाने, आणि त्याच्या कार्यालयाला कुलूप लागून तेथे मिठाईचे दुकान निघाले होते. करारात बारीक अक्षरात लिहिले होते की तंटा झाला तर त्याचा निवाडा परदेशातला लवाद करील. मी नोटीस हातात घेऊन बसलो होतो. चिकटवायला दार नव्हते.

एका तरुण वकील बाईंनी शेवटी लवादापर्यंत पोहोचवले. त्यानंतर तारखा पडत गेल्या. सुमेध संगणकासमोर बसायचा, पडद्यावर कंपनीचा वकील यायचा आणि लाल पिशव्यांबद्दल विचारायचा. किती पाहिल्या, कोणासमोर पाहिल्या, लाल होत्या की केशरी. प्रत्येक तारखेनंतर सुमेध दोन दिवस बोलत नसे.

रविवारी तो सरळ वावरात आला. पुंजाजी निंबाखाली बसला होता, मी उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग लावत होतो.

"आला का जहाजवाला?" पुंजाजी म्हणाला. "तुह्या बापाले सांग, मुळं अर्धी जमिनीतच ठेवते. फुकटचा मजूर हाये म्हणून बोलत नाई मी."

सुमेध हसला. पाकीट काढले, ढिगावर कागद पसरला.

"वाचला का?" मी विचारले.

"वकीलबाईनं वाचून दाखोला."

"म्हणजे तुनं नाई वाचला."

"बाबा, मले पाठ हाये तो. सही कराची हाये मले."

"मंग पिशव्यायचं कोन सांगीन? त्या जहाजावर लोकं मेले."

वारा नव्हता. त्याने उजवा हात मांडीखाली घेतला. लोकांसमोर तो तसे करतो, माझ्यासमोर सहसा करत नाही.

"सांगून सांगून थकलो मी," तो म्हणाला. "दर तारखेले तो वकील मले पुन्हा खाली नेऊन उभा करते. तोच वास, तेच गरम पाणी. तुमाले वाटते मी त्या ज्येष्ठात घरी आलो. नाई आलो, बाबा. मी अजून उतरलोच नाई. मले उतरू द्या."

मी पेन दिला. त्याने डाव्या हाताने झाकण काढले. मग थांबला आणि माझ्याकडे पाहिले.

"खाली काई लिवाचं हाये?"

टोमणा होता की खरा प्रश्न, मला कळले नाही.

"नाई," मी म्हणालो. "नुसती सही कर."

त्याने केली. डाव्या हाताचे अक्षर अजून शाळेतल्यासारखे वाकडे येते. मग कागद माझ्याकडे सरकवला. साक्षीदाराची जागा रिकामी होती.

"मी करणार नाई," मी म्हणालो.

त्याचा चेहरा आवळला. "आताबी? आताबी तुमची हरकत?"

"हाव. तुह्यासाठी नाई. ज्या कागदावर माही सही नाई, तो माहं तोंड बंद करू शकत नाई. एवढा कायदा येते मले."

सुमेधने मांडीखालचा हात बाहेर काढला आणि त्याच हाताने, उरलेल्या तीन बोटांनी, पाकीट उचलून घडी केले.

"मंग लिवा तुमी," तो म्हणाला. "तुमचं नाव काई कोनत्या यादीत नाई."

"मले द्या तो कागद," पुंजाजी निंबाखालून म्हणाला. "मी करतो सही. पण खाली धरा, माहा हात वर येत नाई. अन् काय लिवलं ते सांगू नका. मले खोटं सांगाची सवय हाये, खऱ्याची नाई."

त्याने सही केली. सुमेध पाचच्या गाडीने शेगावला गेला. जाताना वेशीपाशी थांबला नाही आणि मागे वळून पाहिले नाही. सरळ चालत गेला. मी चिमटा उचलला. तीन ओळी राहिल्या होत्या, त्या काढल्या, मुळासकट.

सुमेध आता बोलणार नाही. मी जहाजाचे नाव लिहीत नाही, कंपनीचे लिहीत नाही. लिहितो ते एवढेच. लाल पिशव्या पहिल्या दिवशी तीन आल्या. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी ढकलगाडी भरून आली आणि सुमेधने मोजणे सोडले. त्या तिन्ही दिवशी वर नाच चालू होता. दहाव्या दिवशी जहाजाच्या भोंग्यातून घोषणा झाली, की एका प्रवाशाला ताप असल्याचे आजच कळले आहे.